परमुलखात अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाडजूड आणि टोचरी. टोचरी म्हटल्यावर नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. ज्यांनी ज्यांनी मला पहिल्यांदा अंगावर घेतलं, ते सगळे असेच तोंड वाकडं करून उठले आणि थंडी वाढली तसे निमूटपणे पुन्हा माझ्यात शिरले. तुमच्या घरच्या गुबगुबीत ब्लँकेटांसारखं मला गोड गोड बोलता येत नाही. पण विमानातून समुद्र ओलांडून गेलेली आणि परत आलेली घोंगडी तुमच्या ऐकिवात आहे का? मी ती आहे. तिकडं काय झालं, ते सांगायला आज बसले आहे.

माझा जन्म माण तालुक्यातला. दहिवडीच्या पुढं माळावर आमची वाडी आहे. तिथं आकाराम आणि धोंडुबाई या नवराबायकोचा मेंढरांचा कळप होता. कळपातल्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, धोंडुबाईनं ती निवडली, पिंजून घेतली आणि आकारामनं मेंढरांमागं चालता चालता टकळीवर तिचं सूत काढलं. मग घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या मागावर मी विणली गेले. विणून झाल्यावर मला चिंचोक्याची खळ चोपडून उन्हात ताणून ठेवलं. त्या खळीचा वास असा काही उग्र होता, की धोंडुबाईच्या सासूनं मला घरात घ्यायलाच नकार दिला. "आदी वारं लागू दे तिला," म्हणाली. मी दारातल्या बाभळीवर लोंबकळत राहिले. माझं बारसं ते असं झालं.

पुढं मात्र माझ्यावाचून त्या घराचं पान हललं नाही. पावसात माझी खोळ, थंडीत पांघरूण, उन्हात सावली. नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्यात गुंडाळायचं, आणि घरातलं नुकतं जन्मलेलं पोरही माझ्यावरच टाकायचं. ते पोर म्हणजे तानाजी. त्याचे पराक्रम मी सांगत बसत नाही. ते धुवायला धोंडुबाईचे हात दुखले, एवढंच सांगते.

पण माझा खरा मान वेगळाच होता. आमच्या वाडीत रीत अशी, की पाहुणा आला की घोंगडी अंथरायची. दोघांत भांडण असलं तर दोघांनाही एकाच घोंगडीवर बसवायचं आणि पंचांनी समोर बसून ते मिटवायचं. आणि एकदा का एखाद्याला आपल्या घोंगडीवर बसवलं, की तो उठेपर्यंत त्याचं बरंवाईट अंथरणाऱ्याच्या माथी. हे कुठं लिहिलेलं नाही. पण मोडलेलंही मी कधी पाहिलं नव्हतं.

एकदा आकारामचं बिऱ्हाड आष्ट्याकडं उतरलं होतं. ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला तिकडचे शेतकरी बोलवतात, तसं. भर दुपारी एक परका माणूस धापा टाकत तळावर शिरला. मागून काठ्या घेतलेली माणसं. कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली होती आणि संशय याच्यावर होता. आकारामनं काही विचारलं नाही. मला अंथरलं आणि त्या माणसाला म्हणाला, "बसा."

काठ्यावाले माझ्या कडेपर्यंत आले. आकाराम जागचा हलला नाही. म्हणाला, "पावनं, घोंगडीवर पाय ठिवायचा असंल तर बसायला ठिवा. त्या कामाला ठिवायचा असंल तर आदी माझ्याशी बोला."

एक म्हातारा शेतकरी होता त्यांच्यात, त्यानं पहिल्यांदा काठी खाली टाकली. मग सगळे बसले. चहा झाला. बोलणं झालं. तो माणूस चोर होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी तो मार न खाता आपल्या वाटेनं गेला. तानाजी आईला टेकून सगळं बघत होता. घोंगडी म्हणजे भिंत, असं त्याच्या मनानं त्या दिवशी घेतलं. माझी छाती फुगली होती, हे कबूल करते. मला तरी कुठं ठाऊक होतं, की त्या दिवशी काठ्या मी नव्हे, समोरच्यांनी ओळखलेल्या रीतीनं थांबवल्या होत्या!

तानाजी मोठा झाला. माणमधली निम्मी तरणी पोरं मुंबईला जातात, हा फौजेत गेला. जाताना धोंडुबाईनं त्याच्या ट्रंकेवर मला बांधलं. पलटणीत माझी काय थट्टा झाली म्हणून सांगू! सगळ्यांत पुढं धैर्यशील. हा आष्ट्याचा, ऊस पिकवणाऱ्या घरातला, तेव्हा हवालदार होता. मला बघून म्हणाला, "अरं तान्या, घोंगडं घिऊन आलास व्हय? आन मेंढरं कुठं सोडलीस गड्या?" सगळी बराक खिदळली. पुढं पलटण बर्फात गेली. पहिल्याच कडाक्याच्या थंडीत हाच धैर्यशील तानाजीच्या खाटेशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "तुझं ते घोंगडं जरा इकडं सरकीव की रं." तेव्हापासून दोघांचं सख्य जमलं. मी दोघांनाही सारखीच टोचले.

वर्षं गेली. आकाराम वारला. तानाजीचं लग्न झालं, पल्लवी घरात आली. धैर्यशील सुभेदार झाला, तानाजी नाईक. आणि मग पलटणीला हुकूम आला, परदेशात जायचं.

तानाजी रजेवर आला तेव्हा धोंडुबाई भाकरी थापत होती. "आता आनी कुठल्या मुलखात?" तिनं विचारलं.

"आफ्रिकेत. लढाईला न्हाई आये. तिकडं त्या लोकांची आपापसात भांडणं लागल्यात. ती थांबवायला जायचं. निळी टोपी घालायची आन मधी हुबं ऱ्हायचं."

"म्हंजी पंचाचं काम."

तानाजीनं जरा विचार केला. "व्हय," म्हणाला, "तसंच की."

"मग घोंगडी ने. पंच बसणार कशावर?"

मित्रांनो, मायलेकांनी किती साध्या मनानं ठरवलं हे! आमच्या माळावरच्या माणसाला भांडण थांबवणं म्हणजे एवढंच माहीत. घोंगडी अंथरायची, दोघांना बसवायचं, बोलायचं. मलाही ते पटलं. मी ऐटीत घडी होऊन ट्रंकेत गेले.

त्या देशाचं नाव मी सांगत नाही. मला ते नीट उच्चारता येत नाही आणि दुःखाला नावाची गरजही नसते. तिथं दोन पुढारी एकमेकांचे वैरी झाले होते. मग फौजेचे दोन तुकडे झाले, मग गावांचे, मग एकेका घराचे. शेजारच्या देशानं एका पुढाऱ्याच्या बाजूनं आपली फौज आत घातली. मदत, असं तो म्हणत होता. आणि दूरदूरच्या देशांनी मिळून निळ्या टोपीवाले पाठवले, त्यात आमची पलटण. धैर्यशीलनं एकदा पोरांना हे समजावून सांगितलं होतं. म्हणाला, "दोन भावांच्या भांडणात तिसरा काठी घिऊन शिरला. आन आपण चौथं. आपल्या हातात बी काठी हाय, पर उचलायची न्हाई."

आमची छावणी उघड्या सपाटीवर होती. भोवती काटेरी तार, मधे एक मोठं फाटक. तारेच्या आत हजारो माणसं निळ्या ताडपत्र्यांखाली राहत होती. गावं जळाली म्हणून पळून आलेली बायकामाणसं, म्हातारी, पोरं. हुकूम सरळ होता. तारेच्या आतल्या माणसांना सांभाळायचं. तारेबाहेर काय चाललं आहे ते बघायचं आणि वर कळवायचं. बस्स.

फाटकाबाहेर कडुनिंबाचं झाड होतं. परमुलखात कडुनिंब बघून तानाजीला कोण आनंद झाला! त्या झाडाखाली एक म्हातारा गुरं घेऊन बसायचा. उंच, सडपातळ, कपाळावर गोंदल्यासारख्या रेघा. त्याचं नाव लोकिरी. त्याची सून आणि नातवंडं छावणीत होती. त्यालाही आत जागा होती, पण त्याच्या गुरांना नव्हती. आत जनावरं आणायची बंदी. माणसांनाच पाणी पुरत नव्हतं, आणि रोगराईचं भय वेगळंच. म्हणून म्हातारा दिवसभर तारेला खेटून बाहेर बसे. सून आतून त्याला जेवण देई, नातवंडं तारेतून बोटं घालून त्याच्याशी बोलत.

तानाजीला त्याची ओढ लागली. कळपासाठी घराबाहेर राहणारं माणूस त्याला नवीन नव्हतं. फाटकावरची पाळी संपली की तो झाडाखाली जाई. भाषा एक नाही. मधे मेरी नावाची दुभाषी. ती पूर्वी तिथल्या शाळेत शिकवायची, आता छावणीत काम करायची. पण बरंचसं बोलणं तिच्यावाचूनच व्हायचं. म्हातारा एकेका गाईच्या पाठीवर थाप मारून तिचं नाव सांगे. तानाजी ती नावं चुकीची म्हणे आणि म्हातारा हसून हसून डोळे पुसे. तानाजी त्याला आबा म्हणू लागला.

एके दिवशी म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला होता. मेरी म्हणाली, "तो विचारतोय, त्यानं काय करावं. बाकीचे गुराखी आज नदीपलीकडं पाणथळीकडं निघालेत. तिकडं चिखलात गाड्या येत नाहीत. पण तिकडं गेलं की सून, पोरं दिसायची नाहीत. आणि गुरंही हाल काढतील. तू शिपाई आहेस. तू सांग. इथं थांबलं तर चालेल?"

तानाजीनं जे केलं ते जगातल्या दुसऱ्या कुठल्या शिपायानं केलं नसतं. त्यानं राहुटीतून मला आणलं, कडुनिंबाखाली अंथरलं, वरचा पालापाचोळा हातानं झाडला आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला बसवलं.

"आबा, निवांत बसा," तो म्हणाला. "ही माझ्या आईनं दिल्याली घोंगडी हाय. आमच्यात हिच्यावर बसलेल्या माणसाच्या केसाला कुणी धक्का लावत न्हाई. जाऊ नगा. मी हाय."

मेरीनं ते सांगितलं. किती सांगितलं, कसं सांगितलं, मला कळलं नाही. पण म्हाताऱ्यानं माझ्यावरून तळवा फिरवला. गुराख्याचा तळवा तो, आकारामच्या तळव्यासारखाच खरखरीत. मग त्यानं तानाजीचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. थोड्या वेळानं नदीकडं जाणाऱ्या कळपांची धूळ दिसली. म्हाताऱ्यानं ती बघितली आणि तो बसून राहिला. तानाजीनं मला त्याच्याकडंच ठेवायला सांगितलं.

हे धैर्यशीलला कळलं, तेव्हा तो जेवत होता. ताट बाजूला सारून उठला.

"तू त्याला जाऊ नगो म्हनलास?"

"व्हय साहेब. घोंगडीवर बसिवलंय त्याला."

"आरं, ही काय माण हाय का आष्टा? तारंच्या भाइर आपण काय करनार रं?" धैर्यशीलचा आवाज चढला होता. मग खाली आला. "घोंगडी तुझी हाय तान्या. बंदूक तुझी न्हाई. ती कवा चालवायची ते दुसरं कुणी ठरिवतं."

तानाजीचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही, मी झाडाखाली होते; हे बोलणं मी पुढं त्याच्याच तोंडून ऐकलं. पण थोड्याच वेळात तो धावत आला. मेरीला बरोबर घेऊन. म्हाताऱ्याला म्हणाला, चला आत. म्हाताऱ्यानं गुरांकडं बोट दाखवलं. तानाजी म्हणाला, गुरं राहू दे. म्हातारा त्याच्याकडं बघतच राहिला. लेकरं बाहेर ठेवून आत ये असं कुणी म्हणावं, तसं. मग तानाजी छावणीचा ताबा असलेल्या मेजरसाहेबांकडं गेला. एवढ्याच गुरांना आत घ्या म्हणाला. मेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, याची घेतली तर उद्या सगळ्यांची घ्यावी लागतील. तरीही त्यांनी वायरलेसवर वर विचारलं. वरून उत्तर आलं, विचार चालू आहे, थांबा.

तानाजीनं शेवटी म्हाताऱ्याला पाणथळीकडं पाठवायचं ठरवलं. मेरी खिन्नपणे म्हणाली, आता उशीर झाला. नदी ओलांडायच्या उताराशी हत्यारी माणसं येऊन बसली होती.

मित्रांनो, मला विणताना सनगरानं एकेक सूत किती घट्ट ओढलं होतं! मला फाडायचं तर दोन गडी लागतील. पण मला साधं सरकता येत नाही. मी त्या झाडाखाली पडून ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला म्हणत होते, ऊठ बाबा, आत जा. माझ्यावर विसंबू नकोस.

आणि मग ती दुपार आली. आधी धूळ दिसली, मग ट्रक दिसले. एका बाजूचे हत्यारी लोक होते, आणि त्यांच्याबरोबर मदतीला आलेल्या शेजारच्या देशाचे शिपाई, नीट गणवेशातले. छावणीत भोंगा वाजला. तारेजवळची माणसं ओरडत आत पळाली. मोठं फाटक बंद झालं. बाजूची दिंडी, म्हणजे छोटं दार, तेवढी उघडी होती, आणि तानाजी वाळूच्या पोत्यांमागून जीव तोडून ओरडत होता, "आबा! आत या! आबा, या की वो!"

म्हातारा उठला होता. गुरं बिथरली होती, त्यांना त्यानं तारेशी आणायचा प्रयत्न केला. त्यानं एकदा दिंडीकडं बघितलं, एकदा गुरांकडं. दिंडी तशी जवळच होती. मला वाटलं, निघाला. आता निघाला.

तो माझ्याकडं आला आणि माझ्यावर बसला.

नीट मांडी घालून, फाटकाकडं तोंड करून. त्याच्या अंगाला कंप होता, तो मला जाणवत होता. पण चेहरा शांत होता. त्याला सांगितलंच होतं तसं. इथं बसलं की काही होत नाही. त्यानं तानाजीकडं बघून मान हलवली. जणू म्हणत होता, घाबरू नकोस पोरा, बसलोय मी.

तानाजीची बंदूक खांद्याला लागली होती. वायरलेस सारखा बोलत होता. गोळी नाही. आपल्यावर आल्याशिवाय गोळी नाही. पुन्हा सांगतो, गोळी नाही. मेजरसाहेब स्वतः पोत्यांमागं आले होते. तानाजी ओरडला, "साहेब, दोन मिनिटं. मी जाऊन आणतो त्याला."

"मागं हजारो माणसं आहेत नाईक," मेजरसाहेब म्हणाले. "तू बाहेर पाऊल टाकलंस आणि एक गोळी सुटली, तर ते तार तोडून आत येतील. मग कुणाकुणाला आणशील?"

   धैर्यशीलनं तानाजीचा पट्टा मागून घट्ट धरला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उसाच्या फडात वाढलेला तो आडदांड गडी, त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

हत्यारी माणसं झाडाखाली आली. माझ्या कडेपाशी कुणीही थांबलं नाही. बूट माझ्यावरून गेले. त्यांना गुरं हवी होती, आणि अनोळखी हाताला ती गुरं चालत नव्हती, म्हणून गुरांचा मालकही हवा होता. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं म्हाताऱ्याला ढोसलं. ऊठ म्हणाले.

म्हातारा उठला. आणि मित्रांनो, त्यानं काय करावं! ती माणसं खेकसत होती, तरी तो वाकला. त्यानं मला उचललं, बुटांची माती झटकली, काठाला काठ लावून माझी घडी घातली आणि तारेपाशी येऊन मला खाली ठेवलं, तानाजीच्या बाजूला. दुसऱ्याची वस्तू परत करतात, तशी. तानाजीकडं त्यानं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग सोसता येतो. मग तो गुरांमागं गेला. त्याच्या हाकेनं गुरं शहाण्यासारखी चालू लागली. त्यांची धूळ बराच वेळ दिसत होती.

तो परत आला नाही. पलटणीची गस्त पुढं त्या वाटेनं जाऊन आली, पण काही हाती लागलं नाही. वर कळवायचं ते वर कळवलं गेलं.

संध्याकाळी त्याची सून फाटकापाशी आली. ती रडली नाही, भांडली नाही. मेरीकडून तिनं एवढंच विचारलं, "त्याला परत कधी आणणार?" निळी टोपी घालून, विमानात बसून, एवढ्या लांबून हे लोक आले आहेत, तर यांना ठाऊक असणार, असं तिला वाटत होतं. तानाजी तोंडातल्या तोंडात म्हणाला, "चौकशी चालू हाय म्हणावं."

काही दिवसांनी नदीवरची हत्यारी माणसं हटली आणि पाणथळीकडं गेलेले गुराखी परत आले. गुरं हडकली होती, माणसं तापानं फणफणली होती. पण आली. सगळी आली. तानाजी फाटकावर उभा राहून त्यांना येताना बघत होता. त्यातला एकजण कडुनिंबाकडं बोट करून मेरीला काहीतरी विचारत होता. तानाजीनं ते काय होतं, हे तिला विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

मग मुदत संपली आणि पलटण मायदेशी आली. तानाजीच्या छातीवर एक नवं पदक होतं. वाडीत फलक लागला, हलगी वाजली. शाळेत सत्कार झाला. एका चिमुरडीनं विचारलं, "काका, तुमी तिकडं कुणाला वाचिवलं?" पोरगी भाबडी होती, प्रश्न चांगला होता. तानाजी म्हणाला, "छावणीतल्या लोकांना." ते खोटं नव्हतं. हजारो माणसं खरोखरच वाचली होती. पण तेवढंच बोलून, नारळ आणि शाल घेऊन तो खाली बसला.

घरी आल्यावर धोंडुबाईनं मला उन्हात टाकलं आणि म्हणाली, "पंचाला कामी आली का रं घोंगडी?"

तानाजी उंबऱ्यावर बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. पल्लवी दाराआड उभी राहून ऐकत होती.  मग धोंडुबाई म्हणाली, "मीच दिली तुला. घिऊन जा म्हनले."

"आये, तुझं काय चुकलं?"

"मग कुणाचं चुकलं, सांग की!" म्हातारी एकदम ओरडली.  तिचा आवाज बसला. "त्यानं इस्वास ठिवला, त्याचं चुकलं म्हन मग," असं म्हणून ती आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली.

मेरीचा अजून अधूनमधून फोन येतो. सून विचारते म्हणे, तुमच्या बाजूला काही कळलं का. तानाजी फोन घेऊन माळावर जातो. पल्लवी त्याला सांगते, "आवं, खरं काय ते सांगून टाका एकदा." तो म्हणतो, व्हय, सांगतो. आणि परत येतो तेव्हा पल्लवी त्याच्या तोंडाकडं बघूनच ओळखते, की याही वेळेला त्यानं चौकशी चालू आहे असंच सांगितलं.

आता वाडीत कुणी आलं, की तानाजी स्वतः खुर्ची काढतो. धोंडुबाई मला अंथरायला निघाली, तर म्हणतो, "ऱ्हाऊ दे आये." मी कोपऱ्यात असते. मला कसर लागली तरी चालेल, मला ऊन नाही दाखवलं तरी चालेल. माझ्यासाठी मी तुमच्याकडं काही मागत नाही.

पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कुणी शिपाई होईल, कुणी साहेब होईल, कुणी हुकूम देईल, कुणी पाळेल. तुमच्याकडं कधीतरी घाबरलेलं माणूस येईल आणि विचारेल, मी इथं थांबू का? त्याला बसा म्हणण्याआधी स्वतःच्या हातात काय आहे ते एकदा बघा. काही नसलं, तर गोड बोलू नका. तोंडावर सांगा, की माझ्यानं तुला राखवणार नाही. तो तुम्हाला नावं ठेवेल, हिरमुसेल, आपली गुरं हाकत चिखलातून निघून जाईल. जाऊ द्या त्याला. गेला तर जगेल.